सालोमालो आणि मोबाईलमधलं पुस्तक

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या मोबाईलमध्ये, म्हणजे आईबाबांच्या मोबाईलमध्ये, एखाद्या गोष्टीच्या पुस्तकाची पीडीएफ आहे? हात वर करा बरं! लाजू नका. मी काही तुम्हाला रागावणार नाही. उलट आज मी तुम्हाला एक गंमत सांगणार आहे, आणि त्या गमतीच्या पोटात दडलेला एक अवघड प्रश्नही.

माझं गाव साखरा. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं. सोयाबीन, तूर, हळद पिकवणारा आमचा भाग. माझी पुतणी आठवीत शिकते. वाचनाचं तिला भारी वेड. पण गावात पुस्तकाचं दुकान नाही. पुस्तक हवं असेल तर हिंगोली गाठायची, आणि तिथंही हवं ते पुस्तक मिळेलच असं नाही. एकदा तिचा फोन आला, "काका, एक लई भारी पुस्तक भेटलं! आमच्या ग्रुपवर आलंय. फुकट!"

कुणीतरी एका मराठी कथासंग्रहाच्या पानापानाचे फोटो काढून त्याची पीडीएफ बनवली होती. ती या गटातून त्या गटात फिरत फिरत हिच्या वर्गाच्या गटात येऊन पडली होती. चाळीस मुलांनी ती उतरवून घेतली, बऱ्याच जणांनी वाचली, आणि सगळ्यांना आवडली.

पुढं १५ ऑक्टोबर आला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस आपल्याकडे 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आणि योगायोग असा, की शाळेत पाहुणे म्हणून आले ते त्याच पुस्तकाचे लेखक! भाषण झालं, टाळ्या झाल्या. मुलं सही घ्यायला धावली. पण सही करायची कशावर? पुस्तक कुणाकडेच नव्हतं. कुणी वही पुढं केली, कुणी हात. एका मुलानं चक्क मोबाईल पुढं केला आणि म्हणाला, "सर, हे बघा ना, तुमचं पुस्तक माझ्याकडं आहे!"

लेखक हसले. पण ते हसणं जरा वेगळंच होतं, असं पुतणी म्हणाली. ते रागावले नाहीत. वह्यांवर सह्या केल्या आणि एवढंच म्हणाले, "पोरांनो, तुम्ही वाचलंत याचा आनंद वाटला. पण या पुस्तकाच्या पाचशे प्रती छापल्या होत्या, त्यातल्या निम्म्या अजून माझ्या घरी पलंगाखाली आहेत. दुसरं पुस्तक लिहून तयार आहे. प्रकाशक म्हणतात, पहिलं खपल्याशिवाय दुसरं कसं काढू?"

त्या रात्री पुतणीनं मला विचारलं, "काका, आम्ही चोरी केली का हो?"

काय उत्तर द्यावं? चला, आपण सगळे मिळूनच शोधू.

ही चोरी म्हणावी तरी कशी?

आपल्या शेतातली हळद कुणी रातोरात खणून नेली, तर आपलं शेत रिकामं होतं. ही झाली चोरी. पण पुस्तकाची पीडीएफ घेतली, तर लेखकाचं पुस्तक लेखकाजवळच राहतं. कपाटातलं एक पानसुद्धा कमी होत नाही. मग चोरी कसली?

इथंच खरी गोम आहे. लेखकानं पिकवलेली वस्तू म्हणजे कागद नव्हे. कागद तर कारखान्यात बनतो. लेखकाचं पीक म्हणजे त्यानं जुळवलेले शब्द. त्या शब्दांच्या प्रती काढायच्या की नाही, कुणी काढायच्या, किती किमतीला विकायच्या, हे ठरवण्याचा हक्क लेखकाचा. या हक्काला म्हणतात 'कॉपीराईट', म्हणजेच स्वामित्वहक्क. आपल्या देशात त्यासाठी १९५७ चा कायदा आहे. हा हक्क लेखक हयात असेपर्यंत असतो आणि त्याच्या निधनानंतर पुढं ६० वर्षं त्याच्या वारसांकडे राहतो. परवानगीशिवाय पुस्तक छापून विकणाऱ्याला या कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

शहरात फूटपाथवर, सिग्नलपाशी गाजलेली पुस्तकं निम्म्या किमतीत विकायला ठेवलेली तुम्ही पाहिली असतील. त्यातली काही जुनी, वापरलेली असतात. ती घ्यायला काहीच हरकत नाही. पण काही अगदी कोरी करकरीत असूनही स्वस्त असतात. जवळून बघा. कागद पातळ, अक्षरं पुसट, मुखपृष्ठ फिकट, आणि कधी मधलीच चार पानं गायब! ही झाली चोरटी आवृत्ती. शेतकऱ्याच्या घरात बोगस बियाणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पिशवी हुबेहूब, नाव तेच, आत मात्र भलतंच. चोरट्या आवृत्तीचंही तसंच. आणि तिच्यातला एक पैसाही लेखकापर्यंत पोहोचत नाही.

तुकोबांनाही छळलं होतं!

तुम्हाला वाटेल, हे सगळं मोबाईल आल्यावर सुरू झालं. छे, छे! ही खोड फार जुनी आहे.

सतराव्या शतकात देहूला तुकाराम महाराज अभंग रचत होते. तेव्हा छापखाना नव्हता, कॉपीराईट नव्हता. पण कवी आपली खूण अभंगाच्या शेवटी ठेवत असे. नामदेवांच्या अभंगात 'नामा म्हणे', तुकोबांच्या अभंगात 'तुका म्हणे'. हिला 'नाममुद्रा' म्हणतात. तर त्या काळी सालोमालो नावाचा एक कीर्तनकार होता. तो काय करायचा? तुकोबांचे अभंग घ्यायचा, त्यातली 'तुका म्हणे' ही मुद्रा काढायची आणि आपलं नाव घुसडून खुशाल गायचा! तुकोबांना त्याचा इतका त्रास झाला, की त्याचं नाव घेऊन त्यांनी अभंगच रचले. सालोमालोचं नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते त्यामुळेच. स्वतःच्या एका ओळीमुळे नव्हे!

गंमत पाहा, तुकोबा अभंगाचे पैसे घेत नव्हते. कुणीही ऐकावं, कुणीही गावं. त्यांची तक्रार फुकट गाण्याबद्दल नव्हतीच. तक्रार होती नाव पुसण्याबद्दल. आज कवितेखालचं कवीचं नाव गाळून ती मोबाईलवर पुढं ढकलणारे, किंवा कुणाचीही कविता भलत्याच मोठ्या लेखकाच्या नावावर खपवणारे, हे आजचे सालोमालोच नाहीत का?

आता आमच्या हिंगोलीचंच उदाहरण घ्या. नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. नामदेव पंजाबपर्यंत गेले आणि त्यांची पदं शिखांच्या पवित्र ग्रंथात, गुरू ग्रंथसाहिबात जाऊन बसली. एक-दोन नव्हे, ६१ पदं! ती कुणी विकली नव्हती. तोंडातोंडी, हातोहात गेली आणि नामदेवांच्या नावानिशी गेली. म्हणजे वाटल्यानं शब्द पसरतात, वाढतात, हेही खरं. पण दुसरी बाजूही ऐका. नामदेवांनंतर 'विष्णुदास नामा' नावाचे दुसरे एक कवी झाले. दोघांच्या रचना पोथ्यापोथ्यांतून अशा मिसळल्या, की कोणता अभंग कुणाचा हे निवडताना अभ्यासकांची आजही दमछाक होते. नक्कल हातोहात जाऊ लागली की असाही घोळ होतो.

डिकन्स जिंकले आणि हरले

छापखाने आले आणि पुस्तकावर पोट भरणारे लेखक निर्माण झाले. इंग्लंडचे चार्ल्स डिकन्स हे त्यातले मोठं नाव. १८४३ च्या नाताळात त्यांचं 'अ ख्रिसमस कॅरोल' हे पुस्तक निघालं आणि तुफान गाजलं. महिनाही उलटला नाही, तोच एका साप्ताहिकानं तीच गोष्ट थोडी इकडेतिकडे फिरवून दोन पेन्सला विकायला काढली. वर म्हणतात कसे, आम्ही तर गोष्ट सुधारली आहे!

डिकन्स कोर्टात गेले. खटला जिंकले. पण त्या मंडळींनी दिवाळं जाहीर केलं. नुकसानभरपाई राहिली बाजूला, कोर्टाचा सुमारे सातशे पौंडांचा खर्च डिकन्सच्याच बोकांडी बसला! अमेरिकेत तर त्यांची पुस्तकं राजरोस छापली जात. तिथल्या कायद्यात परदेशी लेखकाला काही हक्कच नव्हता. १८४२ मध्ये डिकन्स अमेरिकेत गेले आणि जाहीर सभांतून याबद्दल बोलले, तर तिथली वर्तमानपत्रं त्यांच्यावरच उखडली. अमेरिकेनं आपला कायदा बदलला तो १८९१ मध्ये. तोवर डिकन्स जाऊन २१ वर्षं झाली होती.

चला, हिशेब मांडू

आता वही-पेन घ्या. आपण आमच्या पाहुण्या लेखकांचा हिशेब करू. आकडे सोपे धरू.

समजा, पुस्तकाची किंमत २०० रुपये. त्यात कागद, छपाई, बांधणी, चित्रकार, प्रकाशक, वाहतूक, दुकानदार या सगळ्यांचा वाटा. लेखकाला मिळणाऱ्या वाट्याला 'मानधन' किंवा 'रॉयल्टी' म्हणतात. ती धरू दहा टक्के. म्हणजे एका प्रतीमागे २० रुपये. आवृत्ती ५०० प्रतींची. सगळ्या खपल्या तर लेखकाच्या हाती येतात दहा हजार रुपये. पुस्तक लिहायला दोन वर्षं लागली असतील, तर महिन्याचे पडले चारशे सोळा रुपये! म्हणूनच मराठीतले बहुतेक लेखक शिक्षक असतात, कारकून असतात, शेतकरी असतात आणि रात्री जागून लिहितात.

आता पीडीएफचा हिशेब. वर्गातल्या चाळीस मुलांनी ती घेतली, म्हणून चाळीस प्रती बुडाल्या का? नाही. प्रामाणिकपणे बोलू. पीडीएफ नसती तर त्यातल्या बहुतेकांनी ते पुस्तक विकत घेतलंच नसतं. धरा, फार तर चार जणांनी घेतलं असतं. म्हणजे लेखकाचे बुडाले ८० रुपये. एवढंच ना? पण ती पीडीएफ एकाच गटात थोडीच थांबते! असे शंभर गट धरा. चार गुणिले शंभर, म्हणजे चारशे प्रती. आणि आवृत्ती होती पाचशेची! दुसरी आवृत्ती निघणार की प्रती पलंगाखाली पडून राहणार, दुसरं पुस्तक येणार की नाही, याचा निकाल या चारशे प्रतींवर लागतो.

उलटी बाजू

थांबा, लगेच निकाल देऊ नका. शहाणा न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतो.

ब्राझीलचे लेखक पाउलो कोएलो यांच्या 'द अल्केमिस्ट' या कादंबरीची रशियन भाषेतली प्रत इंटरनेटवर फुकट फिरू लागली. त्यानंतर रशियातला खप हजाराच्या घरातून लाखाच्या वर गेला, असं त्यांनी स्वतः २००८ मध्ये सांगितलं. लोकांनी चार पानं फुकट वाचली आणि आवडलं म्हणून पुस्तक विकत घेतलं. कॅनडाचे कोरी डॉक्टरोव यांनी तर २००३ मध्ये आपली पहिली कादंबरी दुकानात आली त्याच वेळी इंटरनेटवरही फुकट ठेवली. नव्या लेखकाला चोरीपेक्षा भीती असते ती कुणाला माहीतच नसण्याची, असं या पक्षाचं म्हणणं.

आणि २००७ मध्ये हॅरी पॉटरच्या शेवटच्या पुस्तकाच्या पानांचे फोटो प्रकाशनाआधीच इंटरनेटवर फुटले. काय झालं? पहिल्या चोवीस तासांत एकट्या अमेरिकेत ८३ लाख प्रती खपल्या!

मग फुकट वाटणं चांगलंच की! पण आता मॅगी स्टिफवॉटर या अमेरिकन लेखिकेची हकिकत ऐका. त्या तुमच्या वयाच्या मुलांसाठी लिहितात. त्यांच्या एका मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकाचा खप घसरला. वाचक तर कमी झाले नव्हते. प्रकाशकानं मात्र चौथ्या पुस्तकाच्या प्रती निम्म्याहून कमी छापायचं ठरवलं. मॅगीबाईंनी आणि त्यांच्या भावानं एक युक्ती केली. २०१६ मध्ये चौथं पुस्तक निघालं, त्याच रात्री त्यांनी स्वतःच एक खोटी पीडीएफ सोडून दिली! पानं बरोबर तेवढीच, पण आत पहिली चारच प्रकरणं पुन्हा पुन्हा. शेवटी एक चिठ्ठी, चोरट्या प्रतींनी लेखकाचं काय होतं ते सांगणारी. फुकटे वाचक वैतागले. जिकडेतिकडे शोधलं, खरी पीडीएफ काही सापडेना. शेवटी काय करतात, दुकानात गेले! छापलेल्या सगळ्या प्रती दोन दिवसांत संपल्या. ही हकिकत त्यांनीच २०१७ मध्ये सांगितली.

मग खरं काय? जपानमधल्या केइओ विद्यापीठाचे तात्सुओ तानाका यांनी तिथल्या चित्रकथांच्या, म्हणजे 'मांगां'च्या खपाचा अभ्यास केला. त्यांना आढळलं असं, की जी मालिका अजून सुरू आहे तिचा खप चोरट्या प्रतींमुळे कमी होतो. पण जी संपलेली आहे, लोक विसरू लागले आहेत, तिचा खप उलट थोडा वाढतो. म्हणजे आठवण करून दिल्यासारखं होतं.

बघा, एकच गोष्ट कुणाला तारते, कुणाला मारते. ज्याच्या प्रती लाखांनी खपतात त्याला चार पीडीएफचं काय! पण पाचशे प्रतींच्या मराठी लेखकाला तेवढ्यानंच दम लागतो. आणि एक फरक विसरू नका. डॉक्टरोव यांनी आपलं पुस्तक स्वतः वाटलं. आमच्या पाहुण्यांना कुणी विचारलंच नव्हतं!

फुकट, पण हक्काचं

आता तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे पैसे नाहीत, दुकान नाही, मग आम्ही वाचायचंच नाही का?" अगदी रास्त प्रश्न! पुतणीनंही हेच विचारलं. वाचायचं, भरपूर वाचायचं. त्यासाठी चोरवाट धरायची गरज नाही.

साने गुरुजींचं 'श्यामची आई' घ्या. गुरुजी १९५० मध्ये गेले. साठ वर्षं २०१० अखेर पुरी झाली. १ जानेवारी २०११ पासून ते पुस्तक सगळ्यांचं झालं. कुणीही छापावं, कुणीही इंटरनेटवर ठेवावं. केशवसुत, बालकवी, गडकरी, ह. ना. आपटे यांचंही तसंच. मराठी विकिस्रोतावर असं जुनं साहित्य वाचायला मिळतं. मात्र 'फास्टर फेणे' लिहिणारे भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६१ अखेरपर्यंत आहे, हे ध्यानात ठेवा.

बालभारतीची पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथं वाचायला ठेवले आहेत. मराठी विश्वकोश फुकट आहे. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांची परवानगी घेऊन ई-पुस्तकं विनामूल्य देतं. आणि साताऱ्याकडे गेलात तर पाचगणीजवळच्या भिलारला जा. २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली, बसा आणि वाचा!

पुतणीनं इथं मला बरोबर पकडलं. "काका, वाचनालयातलं एक पुस्तकही चाळीस जण वाचतात. मग पीडीएफनंच काय घोडं मारलं?"

फरक आहे, बाळा. वाचनालयानं ती प्रत विकत घेतलेली असते. ती एका वेळी एकाच्याच हातात असते. फाटली की दुसरी घ्यावी लागते. महाराष्ट्रात अकरा-बारा हजार सार्वजनिक वाचनालयं आहेत. त्यातल्या पाचशे वाचनालयांनी एकेक प्रत घेतली तरी आमच्या पाहुण्यांची आवृत्ती संपली! वाचनालय वाचकाचं असतं, तसंच लेखकाचंही असतं.

ओळखा पाहू!

खालच्यापैकी काय चालेल आणि काय नाही?

१. मित्राकडून पुस्तक वाचायला आणलं आणि परत केलं.
२. नव्या कादंबरीची सगळी पानं फोटो काढून गटावर टाकली.
३. अभ्यासासाठी पुस्तकातला एक उतारा वहीत लिहून घेतला.
४. कवितेखालचं कवीचं नाव काढून ती वाढदिवसाच्या शुभेच्छांत वापरली.
५. रद्दीच्या दुकानातून जुनं पुस्तक विकत घेतलं.

(उत्तरे : १, ३ आणि ५ चालेल. २ चालणार नाही. ४ म्हणजे सालोमालो!)

कायदा काही नुसता दंडुका घेऊन उभा नसतो बरं का. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये खटला भरला होता. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतली प्रकरणं झेरॉक्स करून मुलांना देतात, अशी तक्रार. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, की शिकण्या-शिकवण्यासाठी अशा प्रती काढायला कायद्यात मुभा आहे. पण त्याच न्यायालयानं २०२२ मध्ये, एका शिक्षिकेचं अभ्याससाहित्य टेलिग्रामवर परस्पर विकणाऱ्यांची माहिती उघड करा, असाही आदेश दिला. शिकणाऱ्याला सवलत, पण दुसऱ्याच्या मेहनतीवर धंदा करणाऱ्याला नाही.

साखऱ्याची पुस्तकभिशी

आता पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर. मी तिला म्हटलं, "तुम्ही चोर नाही. तुम्हाला ठाऊकच नव्हतं. पण आता ठाऊक झालंय."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आईची भिशी असते ना, तशी आम्ही पुस्तकाची केली तर?"

आणि खरंच केली! वर्गातल्या चाळीस मुलांनी महिन्याला पाच-पाच रुपये काढायचे. झाले दोनशे. त्यातून एक पुस्तक मागवायचं, चिठ्ठ्या टाकून वाचायचा क्रम लावायचा, आणि सगळ्यांचं वाचून झालं की पुस्तक शाळेच्या कपाटात. ज्याच्याकडे पाच रुपये नसतील त्यानं पुस्तकाला कव्हर घालायचं. त्याचा नंबर चुकायचा नाही.

पहिलं पुस्तक कोणतं मागवलं, ते मी सांगायला हवं का? लेखकांनी टपालानं पाठवलेल्या त्या प्रतीवर चाळीसही मुलांची नावं लिहून खाली सही केली होती. चाळीस नावांनी पहिलं पान भरून गेलं होतं!

आईबाबांनो, थोडं तुमच्याशीही. मुलाला मोबाईलमध्ये पीडीएफ उतरवून देताना आपण त्याला वाचनाची गोडी लावतो, हे खरं. पण त्याच वेळी, मेहनतीचं मोल नसतं, हेही नकळत शिकवतो. आपल्या मालाला भाव मिळाला नाही की काय वाटतं, हे शेतकऱ्याच्या घराला कुणी सांगायला नको. शब्द पिकवणाराही त्याच रांगेत उभा असतो. वर्षातून एक पुस्तक, वाढदिवसाला, दिवाळीला, नाहीतर जत्रेतल्या खेळण्याऐवजी, एवढं जमेल ना?

आणि बालमित्रांनो, तुमच्या गावात, तुमच्या वर्गात भिशी सुरू करता का बघा. पहिलं पुस्तक कोणतं घ्यायचं, त्यावर मात्र भांडण होणार! होऊ द्या. पुस्तकावरून भांडण होणारं गाव कुणाला नको आहे?